राउटरचा डव्हटेल जिग: कुठला घ्यावा, सेट कसा करावा? (आठ खणांचं कपाट करतोय)

सागवानी_खण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, थोडं लांबण लागेल.

आमचं कोकणातलं जुनं घर मागच्या मे महिन्यात उतरवलं. त्यातले सागवानाचे दरवाजे, चौकटी आणि माळ्याच्या फळ्या टेम्पोत घालून पुण्याला आणल्या, भवानी पेठेत टिंबर मार्केटमधे चिरून आणि रंधून घेतल्या, आणि आता त्याचं आईसाठी आठ खणांचं कपाट करायचंय. खणाची दर्शनी फळी १८ मिमी, बाजूच्या फळ्या १२ मिमी. प्लाय कुठेच नको, फक्त तळाला ६ मिमीचा चालेल.

खणाचे कोपरे डव्हटेलनेच (पसरट शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवणारा सांधा) जोडायचे हे पक्कं आहे, कारण त्या घरातल्या आजोबांच्या पेटीला तसेच सांधे होते आणि पेटी अजून हलत नाही. हाताने दोन कोपरे कापून बघितले. एका कोपऱ्याला अख्खा रविवार गेला आणि तरी फट राहिली. आठ खणांचे पुढचे सोळा आणि मागचे सोळा असे बत्तीस कोपरे आहेत, म्हणून राउटर (लाकूड कोरायचं मशीन) आणि जिग (त्याला वाट दाखवणारा साचा) वापरावा असं ठरवलं. राउटर आहे माझ्याकडे, प्लंजवाला (बिट म्हणजे कापणारं पातं वरून खाली दाबता येतं तो), पाव इंची कॉलेटचा (बिटचा दांडा पकडणारी चिमटी). जिग मात्र ऑनलाइन बघितले तर चार हजारापासून पार लाखाच्या घरात जाणारे दिसतायत आणि फरक काय ते कळत नाहीये. कुठला घेऊ? आणि घेतल्यावर सेट करायला खरंच दिवस दिवस जातो का?

पटाशी४२

जिगचं नाव बघायच्या आधी सांधा कुठला हवा ते ठरवा, बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

खणाला पुढून सांधा दिसायला नको असेल, म्हणजे दर्शनी फळी सपाट दिसली पाहिजे आणि बाजूने बघितलं तरच शेपट्या (बाजूच्या फळीचे पसरट दात) दिसल्या पाहिजेत, तर तो हाफ ब्लाइंड. पेटीसारखं दोन्हीकडून दिसायला हवं असेल तर थ्रू. हाफ ब्लाइंडला एकच डव्हटेल बिट लागतो आणि बाजू आणि दर्शनी फळी दोन्ही एकाच वेळी जिगमधे बांधून एकदमच कापल्या जातात. थ्रूला दोन बिट लागतात, शेपट्यांसाठी डव्हटेल आणि पिनांसाठी (शेपट्यांच्या मधे बसणारे दर्शनी फळीचे दात) सरळ, दोनदा सेटिंग.

तुम्हाला खण करायचेत, म्हणजे हाफ ब्लाइंड. त्यासाठी ठरावीक अंतराच्या बोटांचा (राउटरला दिशा देणारे जिगच्या पट्टीचे दाते) १२ इंची, म्हणजे ३०० मिमीचा साधा जिग पुरतो. ब्रिटनमधला ट्रेंडचा सीडीजे-३०० याच जातीचा. अमेरिकेतला पोर्टर-केबलचा ४२१२ पण १२ इंचीच, पण त्यात थ्रू आणि बॉक्स जॉइंटच्या (सरळ चौकोनी दातांचा सांधा) पट्ट्या पण येतात. त्याच्या वर कॅनडाच्या ली कंपनीचे, डी-४-आर प्रो वगैरे, २४ इंची, त्यात प्रत्येक बोट हवं तिथे सरकवता येतं, म्हणजे पिना कमीजास्त रुंदीच्या करता येतात. सुंदर वस्तू आहे पण तुमच्या आठ खणांना तिची गरज नाही.

जर्सीकर

न्यू जर्सीतून. पटाशीकाकांना +१.

एक भर घालतो कारण यात मी स्वतः पोळलोय, म्हणजे भावाला पोळवलंय. दोन वर्षांपूर्वी त्याच्यासाठी इथून जिग नेला सामानातून. जिगला वीज लागत नाही त्यामुळे तो कुठेही चालतो, पण सोबत दिलेला गाइड बुश (राउटरच्या तळाला बसणारी, बोटांना टेकून चालणारी नळी) त्याच्या राउटरला बसेना. अमेरिकन बुश दोन भागांचा असतो, खालून एक भाग आणि वरून आट्याची रिंग, आणि त्याला राउटरच्या बेसला १ ३/१६ इंच म्हणजे साधारण ३० मिमीचं भोक लागतं. भारतात मिळणाऱ्या मकिता, बॉशच्या राउटरना बुश बसवायची त्यांची त्यांची वेगळी पद्धत आहे. शेवटी त्याने ६ मिमीच्या ॲक्रिलिकची जादा बेसप्लेट कापून घेतली आणि त्यात भोक पाडून बुश बसवला. चाललं, पण तीन महिने जिग नुसता पडून होता.

आणि राउटर इथून नेऊ नका कुणी. इथला १२० व्होल्टचा, तिकडे २३०, ट्रान्सफॉर्मर घेऊन बसावं लागतं.

मधुरा_बंगळूर

जर्सीकरांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जिग, बुश, बिट आणि कॉलेट ही चार माणसं एका घरातली पाहिजेत. मी घेताना फक्त जिगच्या किमतीकडे बघितलं आणि मग बिटसाठी महिनाभर फिरले.

कॉलेटबद्दल एक, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६ मिमी दांड्याचा बिट त्यात जातो, पण नीट पकडला जात नाही, आणि चालू राउटरमधे बिट खाली सरकला तर काम तर जातंच पण माणूसही जाऊ शकतो. जवळजवळ बसतोय असं म्हणून कधीही लावू नका. ८ मिमीचा किंवा अर्धा इंची कॉलेट तुमच्या मशीनला मिळत असेल तर तो घ्या, जाड दांड्याला थरथर कमी.

आणि बिट कार्बाइड टिपचाच हवा. सागवानात सिलिका असते, साध्या हायस्पीड स्टीलची धार बघता बघता जाते. धार गेलेला बिट डव्हटेलमधे फार त्रास देतो कारण खाच आतून चुरगळल्यासारखी होते आणि ते बाहेरून दिसत नाही.

कोल्हापुरी_रंधा

मी धंदेवाईक सुतार आहे, तिसरी पिढी. वाईट वाटून घेऊ नका पण हातानं कापा असं माझं मत. जिगच्या शेपट्या सगळ्या एका मापाच्या, मशिनी दिसतात. जुन्या पेट्यांवर पिना कशा बारीक निमुळत्या असायच्या, तशा राउटरनं येतच नाहीत, कारण दोन शेपट्यांच्या मधून बिटची मान जायला जागा लागते, त्याहून बारीक पिन होणार कशी. आणि उतार पण जास्त. आमचे आजोबा आठास एक उतार धरायचे, सागवानासारख्या लाकडाला तेवढा पुरतो. ह्या जिगांबरोबर येणारा बिट १४ अंशाचा, म्हणजे चारास एक झाला. शेपटीचा कोपरा टोकदार होतो आणि तिथलं लाकूड आखूड रेषेचं असल्यामुळे जरा धक्का लागला की कपची उडते.

सागवानी_खण

@कोल्हापुरी_रंधा दादा, वाईट कशाला वाटेल. तुम्ही जे सांगितलं ते आजोबांच्या पेटीवर आत्ता जाऊन बघून आलो, पिन खरंच पेन्सिलीच्या टोकाएवढी आहे काही ठिकाणी. पण मला नोकरी सांभाळून हे करायचंय आणि आई पंच्याहत्तरची आहे, दोन वर्षं लावायची नाहीयेत. असं करतो, कपाटाचा वरचा एक छोटा खण, दागिन्यांचा, तो हातानेच करतो तुमच्या उताराने. बाकीचे जिगवर.

कोल्हापुरी_रंधा

हे बेस्ट. त्याला लागेल ती मदत करतो, आणि पटाशीला धार कशी लावताय ते आधी सांगा.

पटाशी४२

सागवानी, एक महत्त्वाचं राहिलं. खणांची उंची काय धरलीये?

सागवानी_खण

वरचे चार १२० मिमी, खालचे चार १५० मिमी.

पटाशी४२

थांबा, लाकूड कापू नका अजून. ठरावीक बोटांच्या जिगमधे दोन बोटांमधलं अंतर बदलता येत नाही. माझ्या जिगवर ते ७/८ इंच म्हणजे २२.२ मिमी आहे. फळीची उंची त्याच्या पटीत असेल तरच वर आणि खाली दोन्हीकडे अर्धी पिन येते आणि कोपरा देखणा दिसतो. नाहीतर खाली अर्धी पिन आणि वर शेपटीचा एक पातळ तुकडा लोंबत राहतो, तो पहिल्याच महिन्यात तुटतो. २२.२ च्या पटीत म्हणजे ८९, १११, १३३, १५६. तुम्ही १२० चे १११ करा आणि १५० चे १५६. जो जिग घ्याल त्याचं अंतर आधी मोजा आणि मग कपाटाचं ड्रॉइंग करा.

सागवानी_खण

बापरे, हे कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं. ड्रॉइंग बदलतोय. चार खण ९ मिमीने कमी आणि चार ६ ने जास्त, म्हणजे एकूण १२ मिमीच कमी झालं, चौकटीत जिरून जाईल.

(तीन आठवड्यांनी)

जिग आला. १२ इंची, ॲल्युमिनियमचा, बोटांची पट्टी पण ॲल्युमिनियमचीच, अंतर २२.२ मिमी. सोबत अर्धा इंची १४ अंशाचा बिट, पाव इंची दांड्याचा, आणि बुश. बुश माझ्या राउटरला बसत नव्हताच, जर्सीकरांच्या भावासारखी ॲक्रिलिकची प्लेट बनवून घेतली.

आणि आज पहिला प्रयत्न सपशेल फसला. पाइनच्या तुकड्यावर कापलं. शेपटी खाचेत घातली तर सैल, हाताने हलतेय. बाजूची फळी दर्शनी फळीच्या टोकाच्या बाहेर जवळजवळ २ मिमी आली. आणि दोन्ही फळ्यांच्या खालच्या कडा पण एका रेषेत नाहीत. मी तिन्ही एकदम दुरुस्त करायला गेलो आणि दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा वाईट आला. कागदावरच्या सूचना भाषांतर करून लिहिल्यासारख्या आहेत, काही कळत नाही. कुणी क्रमाने सांगेल का?

वर्कशॉप_सर

मी आयटीआयला सुतारकाम शिकवायचो, आता निवृत्त. सविस्तर लिहितो, निवांत वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर नवा तुकडा कापून बघायचा हे आधी मनाशी पक्कं करा.

आधी जिग स्वतः. त्याला १८ मिमीच्या प्लायच्या पाटावर स्क्रूने बसवा आणि तो पाट टेबलाला क्लॅम्प करा, जिगची पुढची बाजू टेबलाच्या कडेच्या जरा पुढे आली पाहिजे म्हणजे उभी फळी खाली मोकळी लोंबेल. मग गुण्या लावून बघा, वरचा पृष्ठभाग आणि पुढचा पृष्ठभाग काटकोनात आहेत का. स्वस्त जिगमधे इथेच फरक असतो, असेल तर कागदाच्या घड्या किंवा टेप चिकटवून भरून काढा. फळी दाबणाऱ्या पट्ट्यांना ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, नाहीतर कापताना फळी केसभर सरकते आणि तुम्ही दोष सेटिंगला देता.

फळ्या बांधायची पद्धत. उभी पुढे ती खणाची बाजू, आडवी वर ती दर्शनी फळी. दोन्हींची खणाच्या आत जाणारी बाजू बाहेर दिसली पाहिजे, म्हणजे उभीची आतली बाजू तुमच्याकडे आणि आडवीची आतली बाजू आभाळाकडे. नव्वद टक्के मुलं इथे चुकायची. सगळ्या फळ्यांवर पेन्सिलने 'आत' लिहा आणि कोपऱ्यांना अ, ब, क, ड. समोरासमोरचे कोपरे जिगच्या एकाच टोकाला कापायचे, म्हणजे डावा पुढचा आणि उजवा मागचा एका टोकाला, उरलेले दोन दुसऱ्या टोकाला. फळीची खालची कड नेहमी स्टॉपला, म्हणजे जिगच्या टोकाच्या अडसराला, टेकवायची.

उभी फळी आधी जरा वर काढून बांधा, आडवी तिला घट्ट टेकवून आवळा, मग उभी सैल करून तिचं टोक आडवीच्या वरच्या पृष्ठभागाशी बोटाने चाचपून सपाट करा आणि परत आवळा. वर बोटांची पट्टी दोन्हीवर बसली पाहिजे, खाली फट नको.

आता तुमचे तीन दोष, याच क्रमाने.

पहिला, सैल. हे बिटच्या खोलीवर ठरतं आणि फक्त त्याच्यावर. सैल असेल तर बिट आणखी बाहेर काढा, घट्ट असेल तर आत घ्या. उलटं वाटतं, पण बिट निमुळता आहे. बिट जितका खोल तितकी शेपटीच्या टोकाची रुंदी वाढते आणि खाचेची कमाल रुंदी मात्र बिटच्या टोकाएवढीच राहते. १४ अंशाला हिशोब सोपा आहे, खोली जेवढी बदलाल त्याच्या साधारण निम्मी रुंदी बदलते. म्हणजे ०.३ मिमीची सैल असेल तर खोली ०.६ मिमी वाढवा. ७ अंशाचा बिट असता तर पाव पट बदल झाला असता. म्हणून हाताला येईल तसं वरखाली करू नका, मोजून करा. तुमच्या जिगवर बिट फळीत साधारण तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाईल, तिथून सुरुवात करा.

दुसरा, बाजूची फळी बाहेर येणं. म्हणजे खाचा आडव्या फळीत पुरेशा आत गेल्या नाहीत. बोटांची पट्टी मागे, तुमच्यापासून लांब सरकवा, जेवढी फळी बाहेर होती तेवढीच. फळी आत बुडत असेल तर पट्टी आपल्याकडे. दोन्ही टोकांचे नट सारखेच फिरवा, नाहीतर एका टोकाला फळी सपाट आणि दुसऱ्या टोकाला बाहेर असं तिरकं येईल.

तिसरा, कडा एका रेषेत नसणं. उभी आणि आडवी फळी एकमेकींपासून निम्म्या अंतराने सरकलेली असायला हवी, तुमच्या जिगला ११.१ मिमी. स्टॉप सैल करून ते बरोबर लावा. बहुतेक वेळा स्टॉप बरोबरच असतो आणि मधे भुसा अडकलेला असतो, त्यामुळे आधी ब्रश मारा.

वर्कशॉप_सर

कापण्याबद्दल वेगळं लिहितो, कारण यात इजा होते.

बिट बदलताना वायर भिंतीतून काढायची, बटण बंद करून भागत नाही. बिट कॉलेटमधे तळापर्यंत खुपसू नका, २-३ मिमी वर ठेवा, नाहीतर आवळल्यावरही सुटतो. तुमचा राउटर प्लंजवाला आहे आणि अर्ध्या इंची बिटचं डोकं बुशच्या भोकापेक्षा मोठं आहे, म्हणजे बिट बुश बसवल्यावरच लावायचा आणि त्यानंतर प्लंजचं लॉक कधीही सोडायचं नाही. सवयीने लिव्हर सुटली की स्प्रिंग मशीन वर उचलते आणि फिरता बिट बुशवर आपटतो. मी तर लिव्हरला टेप गुंडाळून ठेवायला सांगायचो. आणि बिट टोकाला रुंद असल्यामुळे डव्हटेल थोडा थोडा खोल करत कापता येत नाही, पूर्ण खोली एकदाच.

आधी उभ्या फळीच्या पुढच्या अंगावर उजवीकडून डावीकडे एक हलकी खरवड घ्या, मिलिमीटरभर. ही दिशा बिटच्या फिरण्याच्या बाजूची असल्यामुळे मशीन पळायला बघतं, दोन्ही हातांनी घट्ट धरा, पण त्यामुळे पुढे कपच्या उडत नाहीत. मग डावीकडून उजवीकडे एकेका बोटात शिरत जा. बुश बोटाच्या दोन्ही कडांना टेकलाच पाहिजे. शेवटी परत एकदा तोच फेरा, राहिलेली ढेकळं निघतात. मग बटण बंद, बिट पूर्ण थांबेपर्यंत मशीन पट्टीवर तसंच, आणि मग तुमच्याकडे ओढून काढा. वर उचलायचं नाही, कधीच नाही. एका मुलाने उचललं आणि सांधा, पट्टी आणि बिट तिन्ही एका सेकंदात गेलं.

मास्क आणि कानाला मफ. सागवानाचा बारीक भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो.

मधुरा_बंगळूर

सर, वाचनखूण साठवली. एक भर: बुश आणि बिट एका केंद्रात आहेत ना ते बघा. घरी बनवलेल्या ॲक्रिलिक प्लेटमधे हमखास गडबड होते. प्लेटचे स्क्रू सैल सोडून कॉलेटमधे केंद्र साधायचा शंकू लावा, तो बुशमधे बसला की स्क्रू आवळा. आणि तरीही राउटरचा एकच हँडल कायम आपल्याकडे ठेवा, कापताना मशीन गोल फिरवू नका, म्हणजे राहिलेला फरक सगळीकडे सारखाच येतो.

जर्सीकर

आणि पाइनच्या तुकड्यावर जमलं म्हणून लगेच सागवानावर जाऊ नका. पाइन मऊ, दाबलं जातं, तिथे छान घट्ट वाटलेला सांधा सागवानात जाणारच नाही. शेवटचा ट्रायल त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर, जाडी अगदी तीच.

सागवानी_खण

सर, काय लिहू. सगळं प्रिंट काढून भिंतीला लावलं.

शनिवारी सकाळी नऊला बसलो. जिगचा पुढचा भाग काटकोनात नव्हताच, डाव्या टोकाला टेपचे तीन थर लागले. मग खोली. पहिला तुकडा सैल, कॅलिपरने फट मोजली ०.४, खोली ०.८ ने वाढवली, दुसरा तुकडा हातोडीशिवाय जाईना. परत ०.२ कमी केली. चौथ्या तुकड्याला हाताने अर्धा गेला आणि लाकडी हातोडीच्या तीन ठोक्यांत बसला. मग पट्टी मागे, तीन तुकडे. मग स्टॉप, आणि खरंच उजव्या स्टॉपमागे भुसा होता. दुपारी दीडला कोपरा असा बसला की आईला बोलवून दाखवला.

मग तो सागवानाचा पहिला खरा कोपरा, आणि तिसऱ्या बोटात टक्क असा आवाज आला. जुन्या चौकटीतला खिळ्याचा तुटका तुकडा होता आत. बाहेरून भोकसुद्धा दिसत नव्हतं. बिटच्या एका पात्याचा तुकडा उडाला. माझीच चूक, रंधताना मशीनवाल्याने बाहेरचे खिळे काढले होते म्हणून मी परत तपासलं नाही. नवा बिट बोहरी आळीत शोधावा लागेल.

कोल्हापुरी_रंधा

उतरवलेल्या लाकडात हे होणारच. स्पीकरचं जुनं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळू फिरवा, खिळा असेल तिथे दोरा ओढतो. लाकडात काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे किंवा होतं असं समजा, सागवान लोखंडाभोवती काळं पडतं.

आणि नवा बिट दुसऱ्या कंपनीचा आला तर त्याची रुंदी नखभर वेगळी असते, खोली परत लावावी लागेल बघा.

वर्कशॉप_सर

अगदी बरोबर. म्हणून सांधा जमला की त्या सेटिंगची खूण ठेवायची. जमलेला नमुना कोपरा फेकू नका, त्याच्यावर तारीख, फळीची जाडी आणि खोली लिहा. पुढच्या वेळी बंद मशीन त्या नमुन्यावर ठेवून बिट खाचेच्या तळाला टेकवला की खोली मिळते.

सागवानी_खण

(दहा दिवसांनी)

नवा बिट मिळाला. नमुन्यावरून खोली लावली, फक्त ०.२ चा फरक करावा लागला, दोन तुकड्यांत काम झालं. लोहचुंबकाने अजून पाच खिळे सापडले, पाच!

पहिला खण पूर्ण झाला. अजून डिंक लावला नाही, नुसताच ठोकून बसवलाय. फोटो टाकतोय, डाव्या मागच्या कोपऱ्यात शेपटीची एक कपची गेलीये ती मीच खरवड न घेता घाईत कापलं म्हणून. दोन प्रश्न आहेत. तळाच्या प्लायची खाच कुठे घेऊ म्हणजे बाहेरून भोक दिसणार नाही? आणि डिंक लावल्यावर सांधा फुगून जाईना असं होतं का?

पटाशी४२

फोटो बघून मनापासून आनंद झाला. उजवा पुढचा कोपरा तर केसाची फट नाही.

तळाची खाच सगळ्यात खालच्या शेपटीच्या मधोमध घ्या. तुमच्या जिगवर खाली अर्धी पिन येते, म्हणजे पहिल्या शेपटीचा मध्य खालच्या कडेपासून ११.१ मिमीवर. ६ मिमीची खाच ८ ते १४ मिमीच्या दरम्यान आली की बाजूच्या फळीची खाच शेपटीतून जाते आणि दर्शनी फळीच्या खाचेचं तोंड ती शेपटीच झाकते. तळाला डिंक लावू नका, खाचेत मोकळा राहू द्या.

डिंकाचं म्हणाल तर हो, पांढऱ्या डिंकात पाणी असतं, लाकूड फुगतं. हाताने अर्धा आणि दोन-तीन ठोक्यांत पूर्ण, ही तुमची आत्ताची घट्टपणाची पातळी योग्य आहे, त्याहून घट्ट करू नका. डिंक ब्रशने पातळ लावा, आधी खाचेत मग शेपटीला, आणि लगेच बसवा. बसवल्याबरोबर दोन कर्ण मोजा, सारखे आले की क्लॅम्प.

मधुरा_बंगळूर

सागवान तेलकट असतं, डिंक लावायच्या आधी सांध्यावरून थिनरचं फडकं फिरवून वाळू द्या. ताजं कापलेलं असेल तर उत्तम, महिनाभर ठेवून मग चिकटवू नका.

सागवानी_खण

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं, खण चौकटीत किती सैल ठेवू? आत्ता हिवाळा आहे, पावसाळ्यात अडकायला नको. चॅनेल लावणार नाहीये, लाकडी पट्ट्यांवरच सरकवायचेत, आजोबांच्या कपाटासारखे.

कोल्हापुरी_रंधा

सागवान फार फुगत नाही पण फुगतं. १५६ च्या खणाला वरून अर्धा ते पाऊण सूत मोकळं ठेवा, दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा सूत. खालच्या पट्ट्यांना आणि खणाच्या खालच्या कडेला साधी मेणबत्ती घासा, तेल नको, तेलाला धूळ धरते. दागिन्यांचा खण कधी सुरू करताय? पटाशीच्या धारेचा फोटो अजून आला नाही.

सागवानी_खण

दादा, पटाशी आज पाण्याच्या दगडावर घासली, हातावरचे केस निघतायत. रविवारी पहिली पिन आखतो, आठास एक, आणि कापायच्या आधी इथे फोटो टाकतो.